उकाईच्या आधीची तापी

मध्ययुगातल्या तापीच्या खोऱ्याचा नकाशा मी बमरोली या कामगारवस्तीतल्या आमच्या दीड खोलीत बसून काढला. त्याआधी बारा वर्षं त्याच शहरातल्या पर्वत पाटिया भागातल्या एका ऑफिसात कॉम्प्युटरवर साड्यांची डिझाइनं काढत होते. पुण्याच्या एका कंपनीला लढाईच्या गेमसाठी नकाशा हवा होता, तोही इतिहासाला धरून, अगदी काटेकोर. मला इतिहासातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण एक बुट्टा काढून तो साडीभर पसरवता येत होता, आणि जंगलाचंही तसंच असतं. खानदेशापासून माळव्यापर्यंत मी एकच सागाचं झाड पेरलं. कंपनी खूश झाली.

त्यांचा काटेकोरपणा मोठा मजेशीर होता. प्रत्येक गावाला लेखी पुरावा लागे. लढाईत मेलेला सरदार मात्र तिसऱ्या डावाला ताजातवाना होऊन पुन्हा घोड्यावर बसे, त्याचा पुरावा कुणी मागत नसे.

नदी मी आजच्या उपग्रहाच्या चित्रावरून गिरवली. तिघांनी तपासली, त्यातला एक इतिहासात एम.ए. झालेला. मंजूर झाली. मग एका दुपारी आई, घरी आणलेल्या साड्यांचे धागे कापता कापता उठून, माझ्या मागे येऊन उभी राहिली. हे कधीचं, असं तिनं विचारलं. सुलतानांच्या काळातलं, पाच-सहाशे वर्षांपूर्वीचं, असं मी ऐटीत सांगितलं. तिनं स्क्रीनवरच्या मोठ्या निळ्या डागावर कात्रीचं टोक ठेवलं.

"मंग हाई पानी तव्हय व्हतं का?"

ते उकाई धरणाचं पाणी होतं. मी सुलतानाच्या काळात धरण बांधून मोकळी झाले होते. बरं, मी कुणी परकी असते तर गोष्ट वेगळी. आई नऊ वर्षांची असताना तिचं गाव त्याच पाण्यासाठी उठलं होतं. मला इतकी लाज वाटली की मी चहा करायला उठले.

तलाव पुसायला पाच मिनिटंही लागली नाहीत. खालून बारीक, वळणं घेत जाणारी नदी निघाली आणि दोन्ही काठांना कोरी जमीन. आई खुर्ची ओढून बसली. आपलं गाव इथे दाखव, म्हणाली. आयुष्यात तिनं माझ्याकडे स्वतःसाठी मागितलेली ही बहुधा पहिली गोष्ट.

मी कंपनीला कळवलं. पुरावा काय, असं उत्तर आलं. आईनं सांगितलेलं सगळं मी लिहून पाठवलं, मारुतीच्या देवळाची मधोमध झिजलेली पायरी, दगडी पायऱ्यांची विहीर, गाव किती जुनं याबद्दल तिच्या आजीनं तिच्या आजीकडून ऐकलेलं. उत्तर फार सभ्य होतं. बाईंच्या आठवणींबद्दल आदर आहे, पण त्या पुरावा म्हणून धरता येत नाहीत. जागा मोकळी दिसते आहे, तिथे जंगल भरावं.

माझं डोकं फिरलं. तरी मी जंगल भरलं, कारण काम हातातून घालवायचं नव्हतं. माझाच साग, आईच्या गावावर. तिला सांगितलं नाही.

पुढे सैन्याला नदी ओलांडायला एक उतार हवा झाला. उताराला पुरावा लागत नव्हता, सोयीची जागा बघून टाका म्हणाले. पायी नदी कुठून ओलांडायचात, मी आईला विचारलं. गावाच्या जरा खालच्या अंगाला, ती लगेच म्हणाली. मी उतार तिथेच टाकला.

गेमचा नमुना आला तेव्हा आईला शेजारी बसवून दाखवला. ती बराच वेळ त्या झाडांकडे पाहत राहिली. गाव कुठे आहे, असं तिनं विचारलं नाही, आणि तेच मला जास्त लागलं. तेवढ्यात सैन्य नदीवर पोचलं, भाले, घोडे, दोन हत्ती. आईनं माझा खांदा धरला.

"त्यास्ले सांग, डावा हातले ऱ्हा. मधमा डोह शे."

सैनिक ऐकतात कुठे. मी वाट मधूनच आखली होती, तेव्हा ते मधूनच गेले, आणि शेवटचा माणूस काठाला लागेपर्यंत तिनं माझा खांदा सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी मी वाट बोटभर डावीकडे सरकवली. बदलाचं कारण लिहायचा एक रकाना असतो. त्यात लिहिलं, ऐतिहासिक अचूकता. पुरावा कुणी मागितला नाही.