दुपारी माग थांबल्यावर

सोलापुरात येऊन आम्हाला फार दिवस झाले नव्हते, तेवढ्यातच मी मनातल्या मनात परतीची तयारी सुरू केली होती. देवाच्या सांगण्यावरून आम्ही जातोय, असं निघताना मी सगळ्यांना सांगितलं होतं. पण ते खरंच देवाचं सांगणं होतं, की उतारवयात आपण अजून उपयोगी आहोत हे दाखवायची हौस, हे माझं मलाच ठरवता येत नव्हतं. त्यातच माझे यजमान रोज भर दुपारी कुणाची तरी हाक ऐकू लागले होते.

मी मूळची नगरची. नर्सिंग शिकून विशीत झांबियाला गेले आणि तिथलीच झाले. तांब्याच्या खाणींच्या एका गावात दवाखान्यात काम केलं आणि तिथल्या शाळेत मास्तर असलेल्या मुतालेंशी लग्न केलं. पुढं ते चर्चचे पाळक झाले. आमची मुलगी रूथ शिकली, तिचा संसार सुरू झाला, आम्ही दोघंही निवृत्त झालो. अशात सोलापूरच्या एका लहानशा ख्रिस्ती मंडळीकडून विचारणा आली. त्यांच्यातली तरुण माणसं पुण्याकडं गेली होती, म्हातारी मागं एकटी पडली होती, आणि त्यांच्याकडं बघायला एखादं वयस्क जोडपं त्यांना हवं होतं. मुताले म्हणाले, "तुझ्या देशानं आम्हाला नर्स दिली. आता आपली पाळी." माझा देश म्हटला तरी इतक्या वर्षांनी त्यातला माझा किती उरला होता कोण जाणे. सोलापूर तर मी आधी कधी पाहिलंही नव्हतं. त्यामुळं परदेश दोघांनाही होता. त्यांना तो दिसत होता आणि मला लपवावा लागत होता, एवढाच फरक.

विणकरांच्या वस्तीत, प्रार्थनामंदिराच्या मागं आम्हाला दोन खोल्या मिळाल्या. वस्तीत सकाळपासून यंत्रमागांचा खडखडाट चालायचा. भिंतीला हात टेकला तर तळव्याला थरथर लागायची, पेल्यातलं पाणीही हलायचं. पाणी काही दिवसांआड यायचं आणि तेव्हा घरातलं भांडं न् भांडं भरून ठेवायचं, हे मला शेजारच्या सुरेखानं शिकवलं. सुरेखा नातेपुत्याकडची. तिचा नवरा मागावर होता आणि ती घरी बसून विड्या वळायची. पहिल्याच दिवशी तिनं वाटीभर शेंगाचटणी आणून दिली आणि आम्हाला मावशी-काका करून टाकलं.

मला निदान भाषा होती. मुतालेंना तीही नव्हती. तिकडं ते बोलायला उभे राहिले की लोक चालायचे थांबत. इथं पाणी मागायचं तरी ते माझ्याकडं बघायचे. मंडळीतली म्हातारी माणसं निम्मी मराठी, निम्मी तेलुगू. त्यांच्या उशाशी ते नुसते हात धरून बसून राहत. घरी आले की खुर्चीत गप्प. एकदा म्हणाले, "मी इथं फर्निचर झालोय." हसत म्हणाले, पण त्या हसण्यानं मला बरं वाटलं नाही.

ईस्टर होऊन गेला आणि ऊन चढलं. दुपारी कामगार जेवायला बसले की माग थांबायचे. दिवसभराच्या आवाजानंतर ती शांतता कानांत दडे बसल्यासारखी वाटायची. अशाच एका दुपारी ताटावरून उठून मुताले दाराशी गेले आणि बाहेर बघत राहिले. मी विचारलं, काय झालं. ते म्हणाले, "कुणीतरी मला हाक मारली."

"कोण मारणार?"

"ईसा कुनो, असं म्हणालं. माझं नाव घेऊन."

त्यांच्या बेंबा भाषेत ईसा कुनो म्हणजे इकडं ये. त्या भाषेतले चार शब्द ज्याला येतात असं माणूस सोलापुरात आम्हा दोघांखेरीज कुणी नव्हतं. मी म्हटलं, डुलकी लागली असेल. दुसऱ्या दिवशी माग थांबले आणि ते पुन्हा ताटावरून उठले. मग रोजच. रविवारी माग बंद असत, तेव्हा दिवसभर काही ऐकू येत नसे. हाक यायची ती खडखडाट अचानक थांबला की त्या पहिल्या क्षणालाच. मी शेजारी बसून कान देऊन ऐकायची. मला लांबचा कुकर ऐकू यायचा, कावळा ऐकू यायचा, आणि त्यांचा थांबलेला श्वास.

आठवड्यानं त्यांनी मला सांगितलं की तो आवाज त्यांच्या आईचा आहे. ती जाऊन तीस वर्षं होऊन गेली होती. लहानपणी ते नदीवर खेळत असत तेव्हा ती ज्या सुरात बोलवायची, त्याच सुरात. एवढं सांगून ते खाली बघत म्हणाले, "आमच्याकडं म्हणतात, मेलेलं माणूस हाक मारतं ते न्यायला आलेलं असतं. ओ द्यायची नसते. मी अजून दिलेली नाही." जन्मभर ज्यांनी लोकांच्या मनातून असली भीती काढली, ते हे सांगत होते. त्याच संध्याकाळी त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, इथल्या ख्रिस्ती दफनभूमीत परदेशी माणसाला जागा देतात का. माझ्या हातातली कणीक तशीच राहिली.

मी सुरेखाला सांगितलं. वाटलं, ती हसेल आणि माझं ओझं हलकं होईल. ती हसली नाही. विड्यांचं सूप बाजूला सारून म्हणाली, "मावशी, आमच्या गावाकडं बी म्हणत्यात, भर दुपारची हाक आली तर लगीच ओ दिऊ न्हाय. तीनदा येऊ द्यायची. माणसाची असंल तर तिसऱ्यांदा येती." मी म्हटलं, अगं, रोज येतेय, तीनदा कधीच होऊन गेलं. तिनं सूप पुन्हा पुढ्यात ओढलं. विडी वळता वळता म्हणाली, "मग माणसाचीच असंल की."

मी त्यांना डॉक्टरांकडं नेलं. या वयात असे भास होऊ शकतात, स्मृतीचा काही आजार सुरू होत असेल, मेंदूची तपासणी करून घ्या, असं डॉक्टर समजुतीनं म्हणाले. रूथनं फोनवर ऐकलं आणि रडायलाच लागली. "आई, तुम्ही दोघं परत या." मी तिला तिकिटं काढायला सांगितलं. मुतालेंनी विरोध केला नाही, आणि याचंच मला जास्त भय वाटलं. त्या दिवसांत माझी एकच प्रार्थना होती. प्रभू, हा आवाज बंद कर. जे न्यायला आलं असेल त्याला परत पाठव. दुसरं काही मला मागताच येत नव्हतं.

तपासणीच्या आदल्या दिवशीची गोष्ट. ऊन इतकं होतं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. सुरेखा आमच्या उंबऱ्यात विड्या वळत बसली होती. माग थांबले. मुताले उठले, पण या वेळी दाराशी थांबले नाहीत. मोठ्यानं म्हणाले, "मुक्वाइ." बेंबात वडीलधाऱ्यांना ओ देतात ती अशी. आणि तसेच अनवाणी बाहेर पडले.

मी हाका मारत मागं धावले. त्यांनी वळून पाहिलं नाही. दोन गल्ल्यांपलीकडच्या किराणा दुकानापर्यंतही ज्यांना वाट सापडत नसे, ते न थांबता चालत होते. डावीकडं, मग बोळातून, मग पुन्हा डावीकडं. तापलेल्या रस्त्यावर पाय टाकताना माझ्या चपलेतूनही चटका लागत होता, आणि ते मात्र गवतावरून चालल्यासारखे. मधेमधे हलक्या आवाजात म्हणत, मुक्वाइ, मुक्वाइ, जणू आलो, आलो. दोन्ही बाजूंची दारं लावलेली, माणूस कुठंच नाही. माझी सावली पायाशी इतकी गोळा झाली होती की आम्हाला सावल्याच नाहीत असं मला वाटून गेलं. मी त्यांचा सदरा धरला. वाटलं, हे असंच चालत मला सोडून जाणार आहेत.

एका निळ्या दारापाशी ते थांबले. उंबऱ्याला हळदीची बोटं, पुसट झालेली रांगोळी, आणि कडीला बाहेरून भलंमोठं कुलूप. त्यांनी दारावर तळवा टेकला. "इथं," ते म्हणाले.

"कुलूप आहे. आत कुणी नाही. चला घरी."

"ती इथं आहे."

कोण ती, हे विचारायचं धैर्य मला झालं नाही. तोवर सुरेखा त्यांच्या चपला हातात घेऊन पळत आली. आवाजानं समोरच्या घरातले गृहस्थ बाहेर आले. ते म्हणाले, घरातले सगळे लग्नाला हैदराबादला गेलेत, म्हातारी नरसम्माही त्यांच्याबरोबर गेली. मी त्यांची क्षमा मागितली. म्हटलं, यांना बरं नाही. मुताले दारावरचा हात काढेनात. तेवढ्यात माग पुन्हा सुरू झाले, सगळी गल्ली खडखडू लागली, आणि ते माझ्याकडं बघून म्हणाले, "हाक थांबली."

सुरेखानं आमच्या दोघांकडं पाहिलं. मग ती बोळातून मागच्या बाजूला गेली. थोड्या वेळानं ती परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"मावशी," ती म्हणाली, "खिडकीतनं पाय दिसतोय. माणूस हाय आत."

मागच्या दाराला आतून कडी होती, म्हणून समोरच्या गृहस्थांनी पहारीनं कुलूप तोडलं. मधल्या खोलीत नरसम्मा जमिनीवर पडलेल्या होत्या. प्रवास झेपणार नाही म्हणून त्या मागं राहिल्या होत्या. पुढचं दार त्यांना जड जायचं, म्हणून मुलानं ते बाहेरून लावून घेतलं होतं आणि त्यांचं येणंजाणं मागच्या दारानं होतं. शेजाऱ्यांना वाटलं, त्याही गेल्या. पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं होतं. ओठ वाळून काळे पडले होते, पण डोळे उघडे होते. इतक्या वर्षांचं नर्सचं काम माझ्या हातांनी आपण होऊन सुरू केलं. ओल्या फडक्यानं ओठ टिपले, नाडी पाहिली, सुरेखाला रुग्णवाहिका बोलवायला लावलं. मुताले त्यांच्या डोक्याशी बसले आणि त्यांचा हात हातात धरला. ते बेंबात काही बोलत होते, नरसम्मा ओठ हलवत होत्या. दोघांना एकमेकांचं काही कळत नसणार. तरी रुग्णवाहिका येईपर्यंत त्यांनी तो हात सोडला नाही.

त्या वाचल्या. आणखी एक दिवस गेला असता तर सांगता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. मुलगा आणि सून मिळेल त्या गाडीनं आले. आम्ही रोज दवाखान्यात जात होतो. त्या थोड्या बोलू लागल्यावर एकदा मी त्यांना विचारलं, "अम्मा, तुम्ही किती वेळ हाका मारत होता?"

त्यांनी मान हलवली. तेलुगू वळणाच्या मराठीत सावकाश म्हणाल्या, "हाक कुटं मारली मी? आवाजच निगेना. मनात म्हणत होते, देवा, कुणाला तरी पाटव."

मग मी विचारलं, पडलात कधी. त्यांनी सांगितलं, कुलूप तोडलं त्याच्या आदल्या दिवशी, देवपूजा झाल्यावर.

आदल्या दिवशी. आणि मुतालेंना हाक ऐकू येत होती ती ईस्टरनंतरच्या आठवड्यापासून. त्या हिशेबानं पहिली हाक आली तेव्हा नरसम्मा चालत्याफिरत्या होत्या आणि घरात लग्नाची बोलणीही झालेली नव्हती. मी हे कितीदा मनात लावून पाहिलं. मी दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात, गरम वाऱ्यात येऊन उभी राहिले. त्यांनी कोणत्या देवाला विनवलं, हे मी विचारलं नाही. त्यांच्या उशाखाली मार्कंडेयाचा फोटो होता, माझ्या पिशवीत शुभवर्तमान होतं. तिथं उभं राहून त्यात वाटणी करायला माझी जीभ उचलली नाही.

त्या दिवसापासून हाक बंद झाली. मेंदूच्या तपासणीत वयाप्रमाणं असायचं तेवढंच निघालं. माझी प्रार्थना ऐकली गेली होती, शब्दन् शब्द. पण एका दुपारी माग थांबले आणि मुताले घास हातात धरून ऐकत राहिले, मग हळूच रडू लागले. "मी तिला उगाच घाबरलो," म्हणाले. "इतके दिवस ती बोलवत होती आणि मी ओ दिली नाही." मीच ती हाक बंद करायला मागितली होती, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

या सगळ्याचा अर्थ मला लागलेला नाही. लागावा म्हणून आता मी धडपडतही नाही. एवढं कळलं की जे मी संकट समजून परतवून लावायला बघत होते, ते कुणाच्या तरी जिवासाठी आधीच निघालेलं होतं. आणि ज्या माणसाला इथली भाषा येत नाही म्हणून मी कष्टी होते, त्याच्याशी बोलायला देवाला मराठी लागली नाही, तेलुगूही लागली नाही. भीती मात्र पूर्ण गेलेली नाही. कधी कधी दुपारी गल्ली एकदम गप्प होते तेव्हा माझे हात अजून थांबतात. पूर्वी अशा वेळी मी प्रभूला म्हणायची, हे नको. आता म्हणते, जे असेल ते, आम्ही आहोत. बाकीचं त्याच्यावर सोडते. त्याच्या दयेनं आम्हाला इथं कशाला आणलं हे त्यानं आम्हाला एकदा तरी दाखवलं, यासाठी मी त्याची ऋणी आहे. न दाखवताही तो आम्हाला वापरू शकला असता.

तिकिटं रद्द केली त्या रात्री रूथनं फोन केला. रागावली होती, बरीच घाबरलीही होती. शेवटी म्हणाली, "मग परत कधी येणार, तेवढं तरी सांग."

"माहीत नाही गं," मी म्हटलं. हे बोलताना माझा आवाज कापला नाही, हे तिच्याही लक्षात आलं असावं. मग तिनं विचारलं, "बाबा जेवले का?"