पाणक्याच्या अंगावर पिवळी जर्सी

दोन दिवस, तीन टप्पे. तिन्ही टप्प्यांच्या एकूण वेळेत जी पुढे, तिला पिवळी जर्सी. हौशी बायकांच्या या सायकल शर्यतीत शनिवारी संध्याकाळी ती जर्सी कवळ्या बनवणाऱ्या बाईच्या अंगावर चढली आणि खांद्यांत अडकली. आयोजकांनी ती दरवर्षीच्याच मापाने शिवून घेतली होती, आणि दरवर्षी ती तिच्या नणंदेला किंवा तशाच कुणा काटकुळीला मिळत असे.

"उद्या वाकलीस की उसवेल गं," नवरा म्हणाला.

"उसवू दे. काढणार नाही."

बाई बेचाळिशीची, हाडापेराने मजबूत. दंतवैद्यांना कवळ्या पुरवणाऱ्या कारखान्यात ती कामाला आहे. मेणात एकेक दात बसवायचा, वरचे-खालचे जुळतात का बघायचं, साचा ओतायचा, हिरडी घासून गुळगुळीत करायची. संध्याकाळपर्यंत भुवया प्लास्टरच्या धुळीने पांढऱ्या. कामावर ती सायकलने जायची, तेवढ्यावरून सहा वर्षांपूर्वी नणंदेने तिला क्लबात ओढलं. नणंद पेशाने वकील आणि क्लबाची शान. चढावर तिचा हात धरणारं कोणी नाही. शर्यतीला मात्र एकटीने उतरून भागत नाही. वारा अंगावर घ्यायला पुढे कोणीतरी लागतं. मागे चिकटून चालवणाऱ्याची निम्मी ताकद वाचते. ते काम बाईचं: पुढे राहून वारा खायचा, मागून येणाऱ्या क्लबाच्या गाडीपर्यंत जाऊन पाण्याच्या बाटल्या आणायच्या, नणंदेचं चाक पंक्चर झालं तर स्वतःचं काढून द्यायचं. क्लबातली मंडळी तिला 'पाणक्या' म्हणत. तिला त्यात कमीपणा वाटला नाही. आपण हे काम उत्तम करतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

शनिवारी सकाळी नणंदेनेच तिला पिटाळलं होतं, "तू पुढे सूट. बँकवालीला पळवून पळवून दमव." बँकवाली म्हणजे दुसऱ्या क्लबाची, नणंदेची जुनी वैरीण. ती आमिषाला लागली. बाकीच्यांनी मनावर घेतलं नाही. पाणक्या किती लांब जाणार? दोघी लांब गेल्या त्या सापडल्याच नाहीत. दुपारी दुसरा टप्पा, कालव्याकाठच्या सपाट रस्त्यावर एकेकटीने घड्याळाशी झुंजायचा. तिथे बाईने बँकवालीलाही मागे टाकलं. रात्र पडण्याआधी हिशोब साफ होता: बाई पहिली, बँकवाली पाऊण मिनिट मागे, नणंद पाच मिनिटं मागे. उरला रविवार, आणि रविवारी घाट.

"उद्या घाटात दात घशात जाणार हं तुझे," बँकवालीने जाता जाता टोमणा मारला.

"जाऊ देत. नवे करीन. तुला लागले तर सवलत देईन."

मुक्कामाच्या घराचं स्वयंपाकघर चिंचोळं होतं. नणंद वर्तमानपत्र पसरून साखळी पुसत होती. क्लबातर्फे शर्यतीत उतरणाऱ्या बायका या दोघीच.

"घाटाचं बक्षीस चार वर्षं मी कोणाला दिलेलं नाही," मान वर न करता नणंद म्हणाली.

"ठाऊक आहे, ताई. चारही वर्षं अर्ध्या घाटापर्यंत मीच तुम्हाला नेलं."

फडकं थांबलं. "मग? काय हवंय?"

"उद्या तुम्ही माझ्या पुढे. माथ्यापर्यंत."

"आणि मला जिंकता येत असेल तर?"

"तरीही."

"मी भांडी घासतो," नवरा उठला.

"तू बस. तू कोणाच्या बाजूने, ते सांग आधी," बहीण म्हणाली.

"मी गाडीच्या बाजूने. दोघींची जादा चाकं माझ्याच ताब्यात आहेत."

नणंदेने साखळी पुसून संपवली, फडक्याची घडी घातली आणि म्हणाली, "ठीक." कोर्टातली माणसं एवढ्यावर सही घेतात. भावजय तेवढ्यावर झोपली.

रविवारी घाटाआधीच्या सपाटीवर नणंद बाटल्या आणायला मागे गेली. गाडीच्या खिडकीतून तिचा भाऊ म्हणाला, "वकीलसाहेब, आज इकडे कुठे वाट चुकलात?"

"तोंड मिट आणि बाटली दे."

दोन घेतल्या, एक हातातून निसटून खड्ड्यात गेली. मुद्देमाल निम्माच पोचला.

खरी पंचाईत घाटात झाली. नणंदेला पुढे राहून कोणाला नेण्याची सवयच नव्हती. चढ दिसला की तिचे पाय आपोआप जोर धरत आणि भावजय मागे सुटे. मग थांबायचं, जुळायचं, पुन्हा तेच. अशा झटक्यांनी मागचीचा दम आधी संपतो.

"अहो ताई, मागे बघत जा की!"

"बघून चालवता येतं का चढावर?"

"बघू नका. माझा श्वास ऐका. आवाज लांब गेला की पाय सैल सोडा. मी सहा वर्षं तेच केलंय."

वेग बसला. एकसारखा, कंटाळवाणा, हवा तसा. दोन वळणं अशी गेली. तिसऱ्या वळणावर बँकवाली सीटवरून उठली आणि सुटली.

नणंदही सुटली. विचार करून नव्हे. मांजरासमोरून उंदीर गेला, इतकंच. बघता बघता ती बँकवालीच्या चाकाला लागली, आणि तिच्या पाठीकडे बघूनच कळत होतं की आज ती तिला सहज मागे टाकणार. बँकवाली मात्र नणंदेच्या नादाने आणखी जोर लावणार, आणि पिवळी जर्सी घाटातच जाणार. अशा वेळी भावजय दरवर्षी एकच शब्द बोलायची: "जा." तो सवयीने ओठावर आला. तिने तो गिळला.

"ताई, परत ये!"

कठड्याशी उभे असलेले बघे वळून बघू लागले. नणंदेला कोणी अगंतुगं करून हाक मारल्याचं क्लबात कोणाला आठवत नव्हतं. नणंद सीटवर बसली. बँकवाली वळणाआड गेली. नणंद थांबली. पाठ ताठ, मान खाली, भावजय येईपर्यंत. मग तिने पुन्हा पुढची जागा घेतली, आणि आता कान मागे ठेवूनच चढली.

माथ्यावर बँकवाली मिनिटाहून जास्त पुढे होती. उतार संपला, गावापर्यंतचा सपाट रस्ता लागला, समोरून वारा.

"सरका बाजूला, ताई. तुमच्या मागे बसणं म्हणजे काडेपेटीच्या आडोशाला उभं राहणं."

"माझ्या मेहनतीची ही किंमत?"

"घाटात सोनं होतं. इथे मी भिंत आहे."

ती पुढे झाली आणि रस्ता अंगावर घेतला. भावजयीला दम लागला की नणंद क्षणभर पुढे येई, श्वास ऐके, बाजूला होई. एवढंच, पण अगदी वेळेवर. लांबवर बँकवालीची पाठ दिसू लागली. ती एकटी होती, वाऱ्यात होती, आणि डोलू लागली होती. टप्पा तिनेच जिंकला. पण या दोघी अर्ध्या मिनिटाच्या आत पोचल्या, आणि पाऊण मिनिटातून अर्धं गेलं तरी काही उरतंच. शर्यत कवळीवाल्या बाईची झाली.

नणंद पदपथावर बसली होती, पाय पसरून, घाट जिंकल्यावर कधी दमली नव्हती तेवढी दमून. माईकवाला तिच्यापाशी आला.

"मॅडम, पाच वर्षांत पहिल्यांदाच घाट हुकला. काय झालं, पाय दुखत होते का?"

"पायांना काय धाड भरलीय?" नणंद म्हणाली. "आज मी कामावर होते."