भीमाशंकरची अर्धी कहाणी

अगं, ये अशी जवळ, बस. भीमाशंकरला गाडीनं जाऊन आलीस, देवळाचे फोटो दाखवतेस, आणि कहाणी विचारली तर नुसती मान हलवतेस? भाची असलीस तरी बोलणारच मी. नुसता देव बघून परत येतं का कुणी?

आता ऐक. नव्वदच्या सुमाराची गोष्ट, लग्नानंतरचा माझा पहिला श्रावणी सोमवार. मी माहेरची डिंगोऱ्याची, आम्हाला लेण्याद्रीच्या गिरिजामाईच्या गोष्टी पाठ. सासर आंबेगावचं, तिथं सगळं भीमाशंकर. सासूबाईंचा नेम असा, की त्या कहाणी सांगणार, कुणीतरी मुठीत तांदूळ धरून ती ऐकणार, मगच त्या पाणी पिणार. आणि नेमका त्या दिवशी त्यांचा घसा पार बसलेला.

मंचरहून भीमाशंकरला निघालेली आमची एसटी घाटात अडकली. पुढं गाड्यांची रांग, बाहेर धुकं, आणि सासूबाईंना यायला लागली चक्कर. पाणी पुढं केलं तर तोंड फिरवलं आणि माझ्याकडं बोट दाखवलं. म्हणजे कहाणी मी सांगायची.

मागच्या बाकावर मेंढरं राखणाऱ्या घरातली एक आजी होती. ती म्हणाली, "सांग की पोरी, आमी हुंकार देतो." मी पिशवीतले तांदूळ वाटले. कंडक्टर म्हणाला, "माझ्या हातात तिकिटं हायती, चालतील का?"

"खिशात घाला ती," आजी म्हणाली.

मग काय, सुटलेच मी. त्रिपुरासुरानं याच रानात तप केलं, शंकरानं वर दिला, आणि राक्षस तिन्ही लोकांना छळायला लागला. मग शंकर-पार्वती अर्धे-अर्धे एका देहात होऊन लढायला उतरले. अख्खी एसटी 'हूं, हूं' करत होती, ड्रायव्हरसुद्धा. राक्षस पडला, देव दमून डोंगरावर टेकला, अंगातून घाम निथळला, त्याची भीमा नदी झाली. कहाणी संपली म्हणून मी बाटली पुढं केली. सासूबाईंनी ओठ घट्ट मिटले.

"आता काय ऱ्हायलं, बाई?" कंडक्टर वैतागला.

"आरं, राक्षस मेला, मग त्याच्या बायकांचं काय?" आजी म्हणाली.

माहेरी हे कुणी सांगितलंच नव्हतं. मग आजीनंच सांगितलं. डाकिनी आणि शाकिनी देवासमोर उभ्या राहिल्या. "आमचा धनी मारलास, आता आमी कुणाकडं बघायचं?" तेव्हा देव म्हणाला, हे रान तुमच्या नावाचं, आणि मी इथंच राहीन, तुमच्याजवळ. म्हणून त्या जागेला डाकिनीचं नाव.

सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. सासूबाईंनी शेवटचा हुंकार घोगऱ्या आवाजात दिला, लई मोठा, आणि बाटली तोंडाला लावली. घटाघटा प्यायल्या. सगळी गाडी हसायला लागली.

तो नेम आता माझ्याकडं आलाय. कहाणी पुरी येते, पण सोमवारी ऐकायला घरात कुणी नसतं. पोरं कामावर जातात, आणि मी उपाशी शेजारणीची वाट बघत बसते. तेव्हा या श्रावणात गाडी सरळ डोंगरावर नेऊ नकोस. आधी माझ्याकडं ये बाई, आणि लवकर ये.