वरून बघायचा कॅमेरा

आमचे दाजी सूर्यभान विहिरीत बुडी मारून तळाशी पडलेल्या, पाणी उपसायच्या मोटारी काढतात. पिंगळीच्या आसपास कुणाची मोटार तळाशी गेली की आधी दाजींना फोन येतो, मग दाजींचा मला, कारण ऑटो माझा. दोरी धरायला माझी थोरली बहीण, कडूबाई. तिची पद्धत साधी आहे. दाजींच्या डाव्या मनगटाला दोरीचा सैल वेढा. ते पाण्याखाली गेले की अक्काही वर श्वास कोंडून धरते. तिला अगदीच असह्य झालं की ती दोरीला हिसका देते आणि दाजींनी हातातलं काम सोडून वर यायचं. तेवढा वेळ काठावर कुणी तोंड उघडलेलं तिला चालत नाही. एकदा मी शिंकलो होतो, तर घरी येईपर्यंत बोलली नाही.

गेल्या उन्हाळ्यात दाजींच्या कानातून रक्त आलं. परभणीच्या डॉक्टरांनी पडदा फाटलाय म्हणून बुडी बंद करायला सांगितली. दाजींनी शहाण्यासारखी मान डोलावली आणि थोड्याच दिवसांत कानात कापसाचा बोळा कोंबून पुन्हा विहिरीत उतरले. माणूस लाख चांगला, पण हेकटपणाला काही सुमार?

तेव्हापासून अक्काने कॅमेऱ्याचा ध्यास घेतला. "मोटार कुठं पडलीय ते वरूनच बघू. दिसली की गळ सोडून काढू. तुमी पाण्यात जायाचंच न्हाई."

परभणीच्या दुकानदाराने दोन कॅमेरे पुढे ठेवले. एक मुठीत मावणारा, मनगटाला पट्टा असलेला. समुद्रात तोंडाला नळी लावून मासे बघणारे लोक वापरतात तो. दुसरा लांब वायरीला लटकणारा, पुढे दिवा आणि वायरीच्या वरच्या टोकाला छोटा टीव्ही. दुकानदाराने पहिल्यातलं चित्रण लावलं. निळंशार पाणी, पिवळे मासे. दाजी बघतच राहिले.

"मासे बघून काय करायचंय?" अक्का म्हणाली. "ह्यातलं तुमी वर आल्यावर दिसणार. मला तुमी खाली जायच्या आधी बघायचंय."

"अगं, ती वायर पाइपात गुतंल," दाजी म्हणाले. "आन् वरून बघून मोटार निघायली तर मला कोण बोलवंल?"

खरं दुखणं ते होतं. विहिरीच्या काठावर चार माणसं वाट बघतात, तेव्हा दाजींची छाती भरून येते. अक्का माझ्याकडे बघत होती. मी तिची बाजू घेतली, तर दाजी म्हणाले, "मेहुण्या, तू ऑटो चालव." मुठीतला कॅमेरा घेऊनच आम्ही परतलो.

पहिलंच काम एका जुन्या, खोल विहिरीवर निघालं. मोटारीबरोबर पाइपही आत पडले होते. दाजींनी कॅमेरा डाव्या मनगटालाच, दोरीच्या वेढ्याशेजारी बांधला आणि बुडी मारली. अक्काने श्वास कोंडला. पाण्यावर बुडबुडे आले, मग तेही थांबले. अक्काच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. तिने हिसका दिला.

दोरी हलकी लागली. तिने ओढली तशी सरसर वर आली. टोकाचा वेढा रिकामा.

"दाजीऽऽ!" मी ओरडलो. मला पोहता येत नाही. जन्मात एवढी लाज कधी वाटली नव्हती. अक्काने दोरी टाकली. तिने पदर खोचला आणि कठड्यावर पाय ठेवला. मी तिचा दंड घट्ट धरला, ती मला झिडकारत होती, आणि तेवढ्यात पलीकडच्या कडेला दाजींचं डोकं वर आलं. कानातून रक्ताची धार. धापा टाकत म्हणाले, "पाइपात पाय गुतला होता. पर शूटिंग लय झकास झालं!"

मी तोंडाला येईल ते बोललो. मेहुणा असून बोललो. अक्का मात्र दोरी गुंडाळत बसली.

घरी मोबाइलवर ते चित्रण लावलं. मासे कुठले, सगळा हिरवा गाळ. मधेच दाजींचं मनगट दिसलं. कॅमेऱ्याचा पट्टा नीट बसत नव्हता, म्हणून त्यांनी दोरीचा वेढा काढून मुठीत धरला. पाय अडकला तशी मूठ सुटली. मग दोरी दिसली, एकटीच वर जाणारी. दाजींनी तेवढाच भाग पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावायला गेले, तेव्हा अक्काने मोबाइल काढून घेतला.

सकाळी दाजीच दारात उभे. "बालाजी, ऑटो काढ. दुकानात जायाचंय."

दुकानदाराने कुरकुर केली, पण कॅमेरा बदलून दिला. पुढच्या विहिरीवर मी वायर सोडली. अक्का आणि दाजी तो छोटा टीव्ही मांडीवर घेऊन काठावर बसले. बराच वेळ गाळच दिसला. मग मोटारीचं तोंड दिसलं. मी गळ सोडला. दाजी उजव्या हाताने खुणा करत होते, "जरा अलीकडं... अजून... न्हाई, सुटला." पुन्हा सोडला.

माझं लक्ष अक्काकडे गेलं. तिचा चेहरा लालबुंद झाला होता, गळ्याच्या शिरा ताठ.

दाजींनीही पाहिलं. "अगं, श्वास घे की! मी हितंच हाय, तुझ्याजवळ."

अक्काने श्वास सोडला. दाजींचं डावं मनगट मात्र मोटार वर येईपर्यंत सोडलं नाही.