‘जाते’ म्हणणारी बाई

"तुम्हाला ऑटिझम आहे," असं मॅडम म्हणाल्या तेव्हा मी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. मी नवऱ्याकडे पाहिलं. दिलीपच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. त्यानं नुसती मान हलवली. मनात म्हटलं, अरे वा, ह्याला आधीच ठाऊक होतं! म्हणजे माझ्या पाठीमागं काहीतरी शिजतंय.

मॅडम म्हणजे चिंचवडच्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मन आणि वागणं तपासणाऱ्या. ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर असं त्याचं पूर्ण नाव. हा मागाहून जडणारा आजार नव्हे, जन्मापासून मेंदूची घडणच वेगळी असते. स्पेक्ट्रम म्हणजे ते प्रत्येकात निराळ्या तऱ्हेनं दिसतं. ते घालवायचं औषध नाही. ओळखून, समजून जगणं सोपं करायचं. एवढं सांगून त्या म्हणाल्या, "वायर तुटलेली नाही रेखाताई, फक्त जोडणी वेगळी आहे."

मी चाकणला वायरिंग हार्नेसच्या कंपनीत आहे. गाडीत बसणाऱ्या रंगीत वायरींचा जुडगा बांधायचा, हे माझं काम. वायरीचंच उदाहरण का दिलं? ह्यांना माझ्याबद्दल कुणी काय काय सांगितलंय? आणि आमच्या लाईनवर जोडणी वेगळी म्हणजे रिजेक्ट, सरळ लाल डब्यात. तसं मी मॅडमना सांगितलं. त्या हसल्या. मला काही हसू आलं नाही.

ज्यांच्यावर मोठेपणी ही वेळ येईल, त्यातही बायकांवर, त्यांच्यासाठी हे लिहितेय. म्हणून मला भीती कशाची होती ते आधी सांगून टाकते. धाराशिवकडे माझ्या माहेरी माझ्या मावशीला तिच्या नवऱ्यानं कायमचं आणून सोडलं होतं. "हिच्या डोक्यावर परिणाम झालाय," म्हणाला आणि डॉक्टरचा कागद पुढं केला. मावशी ठणठणीत होती. पण कागदापुढं बाईचं कोण ऐकतं? आता चाळिशीत माझ्याही नावाचा कागद तयार होत होता.

सुरुवात कंपनीच्या कॅन्टीनमध्ये झाली. वर पत्रा, खाली स्टीलच्या ताटांचा खणखणाट, सगळे एकदम बोलणारे. एक दिवस मी कान दाबून टेबलाखाली जाऊन बसले. सुट्टी संपली तरी उठवेना. बोलायचं होतं पण शब्दच फुटेना. सुपरवायझरनं दिलीपला बोलावून घेतलं. सगळ्यांना वाटलं, चक्कर आली.

मग सुरू झाल्या तपासण्या. ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी. कान उत्तम. थायरॉइड उत्तम. डोक्याचा एमआरआय काढला. त्या नळकांड्यात असली ठोकाठोक चालते की मी रडले. तोही उत्तम. सगळंच उत्तम तर मी टेबलाखाली का बसले, ते कुणी सांगेना.

शेवटी मॅडमचं नाव काढलं माझ्या नणंदेनं. मंगलवन्स देहूरोडला एका दवाखान्यात नर्स आहेत. इथंच माझं डोकं भणभणलं, कारण वन्सचा माझ्यावर जुना राग. निघताना ‘जाते’ म्हणू नये, ‘येते’ म्हणावं, हे मलाही ठाऊक आहे. पण माणूस जात असतो तर येते कशाला म्हणायचं? माझ्या तोंडून ते निघतच नाही. नवऱ्यालाही मी नावानं हाक मारते, कारण त्याला नाव आहे. हे सासरी कसंबसं खपलं. पण मामंजींची बायपास झाली तेव्हा मी आयसीयूत त्यांच्या खाटेशी उभी राहून "जाते मी" म्हणाले. वन्स तिथंच होत्या. "काळीज आहे का दगड?" एवढंच म्हणाल्या. मामंजी खडखडीत बरे झाले, पण ते वाक्य काही बरं झालं नाही.

मॅडमकडे खेपा सुरू झाल्या. प्रश्नांवर प्रश्न. लहानपणीचं विचारायला माझ्या आईला फोन लावला. आई म्हणाली, "ही पाहुण्यांना दारातच विचारायची, कधी जाणार म्हणून." वेटिंग रूममधली ट्यूब सारखी गुणगुणायची आणि दिलीप फोन घेऊन बाहेर जायचा. मी मागं गेले की फोन ठेवायचा. कुणाचा फोन? "ताईचा." काय म्हणतात? "काही नाही."

मॅडमनी दोन शब्द शिकवले, ते तुम्हीही ऐकून ठेवा. सेन्सरी ओव्हरलोड, म्हणजे आवाज, उजेड, वास एकदम अंगावर येऊन मेंदूनं हात टेकणं. कॅन्टीनमध्ये झालं ते हेच. आणि मास्किंग, म्हणजे चारचौघींसारखं दिसावं म्हणून दिवसभर सोंग करणं. "त्यानंच तुम्ही थकलात," मॅडम म्हणाल्या. हे मात्र मला पटलं, अगदी आतून पटलं, आणि मी तिथंच रडले.

पण घरी आल्यावर दिलीप गॅलरीत हळू आवाजात बोलताना ऐकू आला. "दाखला मिळू दे ताई. तिला आत्ता नको सांगू. रविवारी घेऊन जातो."

झालं! माझी खात्रीच पटली.

रविवारी तो म्हणाला, "आवर, गावाला जायचंय." कुठल्या गावाला, ते बोलला नाही. मी बॅग भरून तयार होते. साड्या, आधार कार्ड, आईनं दिलेलं डोरलं आणि चहाची गाळणी. गाळणी मीच विकत आणलेली होती, म्हणजे माझी.

"एवढं कशाला? संध्याकाळी परत यायचंय," तो म्हणाला.

"तुला यायचंय," मी म्हणाले.

मोशीतल्या आमच्या घरून निघालो आणि गाडी चाकणकडे वळली. धाराशिवचा रस्ता हा नव्हे, हा सासरच्या गावाचा. म्हणजे सासरीच बैठक बसवलीय तर! बॅग मांडीवर घट्ट धरून मी बसले.

दारात मंगलवन्स उभ्या होत्या. घरात टीव्ही बंद. डाळ पातेल्यात शिजत होती, "कुकरच्या शिट्ट्या नकोत तुला," म्हणाल्या. एवढी सरबराई? कापायच्या बोकडाला आधी खाऊ घालतात तसं वाटलं. मी चप्पलही काढली नाही. तिथंच विचारलं, "वन्स, मला वेडी ठरवायला दाखला हवाय ना तुम्हाला? म्हणजे दिलीप सोडायला मोकळा."

"अगं बाई!" सासूबाई म्हणाल्या.

वन्स पुढं आल्या. "दाखला हवाय गं, पण तुझ्या कंपनीला द्यायला. तुला गर्दीच्या आधी जेवायला सोडतील म्हणून मी मॅडमच्या मागं लागलेय. आयसीयूत मी तुला दगड म्हणाले. ते मला टोचतंय गं, म्हणून चाललंय हे सगळं. तेच समोरासमोर सांगायला आज बोलावलं."

"मग मला का नाही सांगितलं?"

दिलीप म्हणाला, "कंपनीनं नाही म्हटलं असतं तर तू झोपली नसतीस."

"न सांगता काय घोरत होते का मी? आणि मॅडमनी सांगितलं तेव्हा तुला आश्चर्य कसं नाही वाटलं?"

"इतकी वर्षं संसार केलाय. नाव नवीन होतं, तू नवीन नव्हतीस."

बॅग त्यानंच उघडली. गाळणी हातात घेतली आणि त्याचे डोळे भरून आले. "ही पण नेणार होतीस?" म्हणाला. माझं तर भानच सुटलं, हमसून हमसून रडले मी.

संध्याकाळी निघताना उंबऱ्यात माझी नेहमीसारखी दातखिळी बसली. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. तेवढ्यात दिलीपच मोठ्यानं म्हणाला, "आई, जातो आम्ही." सख्ख्या मुलाच्या तोंडून ते ऐकून सासूबाईंचा हात तोंडावर गेला. मामंजी मात्र खाटेवरून म्हणाले, "जावा की! पोरीनं जाते म्हटल्यानं मला काय झालं? मी न्हाई मेलो. हाय की अजून."

वन्स फिसकन हसल्या. मग सगळेच.

कंपनीचं उत्तर अजून आलेलं नाही. संशयही गेलेला नाही, एवढ्या वर्षांची सवय. दिलीप गॅलरीत गेला की कान टवकारतातच. फरक इतकाच की आता मी विचारते आणि तो सांगतो. तुम्हालाही संशय आला तर विचारा. बॅग भरू नका, आणि भरलीच तर गाळणी तरी घरी ठेवा. आमची सासरीच राहिली आणि दुसऱ्या दिवशी चहाची पंचाईत झाली.

मंगलवन्सना हे लिहिलेलं आधी वाचून दाखवलं. त्यांनी एकही शब्द खोडला नाही, हे त्यांचे उपकार.

खाली कंपनीची बस आली. जाते.