विमान येतंय, असं मी सांगितलं

सांबऱ्याच्या विमानतळावर आमच्या कंपनीचं पहिलं विमान उतरलं, तेव्हा मी निळी साडी नेसून आरतीचं ताट घेऊन उन्हात उभी होते. विमान छोटं, पंख्यांचं. पूर्वेकडच्या कुठल्याशा देशातल्या बंद पडलेल्या कंपनीकडून आणलेलं. सीटमागच्या सूचना अजून तिथल्याच लिपीत होत्या, त्यांवर आमचे स्टिकर वाकडेतिकडे चिकटवलेले. "ही कंपनी नाही, कुटुंब आहे," असं मालक मंडपात म्हणाले. मी ताट खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. आठवलं की अजून तोंड कडू होतं.

मी निपाणीची. आई तंबाखूच्या वखारीत कामाला. सुट्टीवरून परतले की आमचे मॅनेजर नाक मुरडायचे. "घरचा वास घालवून येत जा." मग घरी गेल्यावर मी माझे कपडे आईच्या कपड्यांपासून लांब ठेवू लागले. तिनं ते पाहिलं.

पहिलं वर्ष झोकात गेलं. हैदराबादची सेवा सुरू झाली, मग बेंगळूरची, मग मुंबईची. एक वऱ्हाडसुद्धा आमच्या विमानानं गेलं. पुढं दुसरं विमान आलं, आणि काही महिन्यांत त्याचे सुटे भाग काढून पहिल्याला बसवायला लागले. विमानं रद्द व्हायची, लोक आमच्यावर ओरडायचे. आम्हाला शिकवलं होतं तसं आम्ही हसायचो.

शेवटच्या दिवशी सकाळी मॅनेजरनी काउंटरवरच्या आम्हा तिघींना मागच्या खोलीत बोलावलं.

"वरून निरोप आलाय. आजपासून सगळं बंद. पण दुपारपर्यंत कुणाला सांगायचं नाही. तांत्रिक अडचण म्हणा, चहा-बिस्किटं द्या."

"का पण?" मी विचारलं.

"मालक दुपारी पत्रकारांशी बोलणार आहेत. त्याआधी बोंबाबोंब नको."

मी काउंटरवर जाऊन बसले. हैदराबादच्या विमानाला चिकोडीकडचे एक निवृत्त मास्तर आले होते, सोबत बायको. मास्तरांचा धाकटा भाऊ तिकडच्या दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होता. दर थोड्या वेळानं ते उठून काउंटरपाशी यायचे.

"बाळ, खरं सांग. इमान येतंय न्हवं? न्हाय तर आत्ताच गाडी करून निघतो. संध्याकाळपर्यंत पोचू."

"येतंय काका. तासाभरात."

"तू आपल्या भागातली पोरगी. तू म्हणतीयास म्हणून थांबतो."

असं ते तीनदा आले. तिन्ही वेळा मी तेच सांगितलं. तिसऱ्या वेळी तर त्यांच्या हातात बिस्किटाचा पुडा दिला. त्या हाताची मला आजही किळस येते.

दुपारी बातमी फुटली. मॅनेजर आधीच मागच्या फाटकानं निघून गेले होते. लोक काउंटरवर धावून आले, मास्तर मात्र आले नाहीत. ते बायकोचा हात धरून बाहेर टॅक्सी शोधत होते. मी धावत जाऊन गाडी ठरवून दिली. ते माझ्याकडं न बघता बसले.

ते वाटेत असतानाच भाऊ गेला. दुसऱ्या दिवशी मी तिकिटाच्या नोंदीतल्या नंबरवर फोन केला, तेव्हा त्यांच्या बायकोनं सांगितलं.

आता मी संकेश्वरला एका शाळेच्या कार्यालयात काम करते. मध्यंतरी त्याच मॅनेजरांचा फोन आला. मालक नवी कंपनी काढताहेत, अनुभवी माणसं हवीत म्हणे. आवाजात लाज नावालाही नव्हती. मी फोन ठेवला आणि मोरीत जाऊन चूळ भरली.

त्याच रविवारी मी चिकोडीकडच्या त्या गावी गेले. मास्तर ओसरीवर पेपर वाचत होते. मी सगळं सांगितलं. निरोप कधी आला, मी काय काय बोलले, सगळं.

त्यांनी एकच विचारलं, "मी पयल्यांदा इचारलं, तवा तुला ठावं होतं?"

"व्हय."

पेपराची घडी घालून ते आत गेले. त्यांच्या बायकोनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

"ते आता बाहेर यायचे न्हाईत. पाणी पी आणि जा, पोरी," त्या म्हणाल्या.

मी पाणी प्यायले. माफ करा, असं म्हणायचं ठरवून गेले होते, पण ते न म्हणताच उठले. बसथांब्यापर्यंत चालत आले.