परत केलेली घागर

नाना गेल्याचा निरोप उस्मान मिस्त्री घेऊन आला. ऐकताच मनात आलं, आता हा मला जुमानेल का? रडू त्यानंतर आलं, आणि मग आवरेना.

नाना म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ, नाशकातल्या आमच्या पितळी भांड्यांच्या कारखान्याचे मॅनेजर. मी त्यांच्या हाताखाली. माल गाडीत चढण्याआधी प्रत्येक घागर ते बोटातल्या जाड अंगठीनं वाजवत. खणखणीत वाजली तर पुढे, बद्द वाजली की मोठ्यानं, "ही परत!" रोज एखादी सापडायचीच, आणि स्वारी दिवसभर खुशीत. "कारखाना माझ्या मुठीत आहे," असं चारचौघांत सांगायचे. मला ते पटत नसे. उस्मानसारख्या मुरलेल्या कारागिराच्या हातून रोज एक चिरलेली घागर सुटते कशी? ही मंडळी नानांना खेळवतात, असा माझा पक्का संशय...

नाना अंथरुणाला खिळले आणि अंगठीसकट ते काम माझ्याकडे आलं. एकही घागर बद्द वाजली नाही. मी मनात म्हटलं, बघा, फुकटचा बडेजाव होता! पुढे वणीच्या व्यापाऱ्यानं गाडीभर माल परत धाडला. निम्म्या घागरी गळत होत्या. कारखान्याचं नाव जायची वेळ आली. मी तणतणत नानांकडे गेलो.

"मुद्दाम केलंय त्यांनी. चिरलेली घागर तेच ठेवत होते ना तुमच्यापुढे?"

"ठेवतातच," नाना शांतपणे म्हणाले. "ऐकणारा जागा आहे का, बघतात. सापडली की बाकीच्या जीव लावून घडवतात. तुझ्यापुढेही ठेवली असेल. तू वाजवताना बघत कुठे होतास?"

मी कारागिरांच्या तोंडाकडे बघत होतो... कोण हसतंय ते. नानांशी झालेलं हे शेवटचं बोलणं. सगळं ठाऊक असूनही तो माणूस रोज तेवढाच खूश कसा व्हायचा, हे विचारायचं राहून गेलं. आता फार चुटपुट लागते.

अंगठी वहिनींनी माझ्याकडेच ठेवली. बोटात सैल होते, म्हणून दोरा गुंडाळलाय. परवा डोळे मिटून घागरी वाजवल्या. एक बद्द वाजली.

"ही परत!" माझा आवाज जरा चिरकलाच.

उस्माननं घागर उचलून बाजूला ठेवली. हसला की नाही, मी पाहिलं नाही.

"उद्या बी असंच ऐका, साहेब," तो म्हणाला.